वाघाचं पोट आणि चिमूटभर ओवा

एका जंगलात, बाळांनो, एका वाघाचं पोट महिनाभर दुखत होतं. जो तो त्याला भेटायला येई आणि येताना घरचा उपाय घेऊन येई. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायची तिथे पद्धतच नव्हती. अस्वलाने ताकात सुंठ घालून आणली. हरणांनी हिंग पाठवला. लांबूनच पाठवला, तेवढी अक्कल त्यांना होती. "पित्त आहे, महाराज," असं प्रत्येकजण छातीठोक सांगे. पोट मात्र कुणी तपासलं नव्हतं.

शेवटी वाघाने घोरपडबाईंना बोलावलं. त्या शिकलेल्या डॉक्टर.

"पंधरा दिवसांत बरा झालो नाही, तर तुला खाईन," वाघ म्हणाला.

बाई त्याच्या घशातून आत उतरल्या, सगळं नीट पाहून बाहेर आल्या. "महाराज, आत जखम आहे. जंतूंनी वस्ती केली आहे."

"माझ्या पोटात? मला न विचारता?"

"ते विचारत नाहीत. आता चौदा दिवस गोळ्या घ्यायच्या. एकही चुकवायची नाही."

पाचव्या दिवशी दुखणं जरा कमी झालं, तसा वाघ गोळी गालात धरून मागच्या मागे थुंकायला लागला. असले रोगी तुमच्याही घरात असतील, मी नावं घेत नाही. बाईंनी त्याच दिवशी त्याला पकडलं. मग रोज दोन वेळा जबड्यात पंजा घालून त्या स्वतः गोळी घशाखाली ढकलू लागल्या. भीती वाटायचीच, पण चौदा दिवस त्यांनी पुरे केले.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी वानर भेटायला आला. मुठीत चिमूटभर ओवा, तोही वाटेत सांडून उरलेला. वाघाने तो चावला. सकाळी उठला तर पोट शांत.

"बघा," वाघ दरबाराला म्हणाला, "हिने चौदा दिवस कडू गोळ्या चारल्या. याने एकदा ओवा दिला आणि लगेच गुण आला."

"मी म्हणतच होतो, पित्त," अस्वल म्हणालं.

"अहो महाराज," घोरपडबाई म्हणाल्या, "गोळ्यांचा कोर्स कालच तर संपला."

"तेच म्हणतोय. तुझ्या गोळ्या संपल्या आणि मला बरं वाटलं."

महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला कडकडून भूक लागली होती. घोरपडबाई दुसऱ्यांदा वाघाच्या पोटात गेल्या. या खेपेला तपासणी नव्हती. मला बाईंचं फार वाईट वाटतं, पण वाघाला सांगणार कोण?

वानर राजवैद्य झाला.

तात्पर्य : औषध कुठलंही द्या, पण सगळ्यांच्या शेवटी द्या.