ससा तासाभरासाठी परराज्यात

गवत कापायचं आमचं यंत्र ऑक्टोबरात बंद पडलं आणि डेसने ते दुरुस्तीसाठी मागच्या शेडमध्ये उघडून ठेवलं. माझ्या नवऱ्याने एखादी वस्तू दुरुस्तीला उघडली, की ती पुन्हा दिसणार नाही असं समजून तिच्या आठवणी काढायला लागावं. अंगणातलं गवत गुडघ्याला लागलं तेव्हा मी ठरवलं, ससा आणायचा. ससा गवत खातो, पेट्रोल मागत नाही, आणि डेसला तो स्क्रू-ड्रायव्हरने उघडता येत नाही.

ही बातमी मी नाश्त्याला सांगितली. डेसने हातातला टोस्ट खाली ठेवला.

"ससा?"

"ससा."

"नोएलीन, मी तीस वर्षं सशांना आत येऊ दिलं नाही."

"ते क्वीन्सलँडमध्ये. हे न्यू साउथ वेल्स आहे. इथे तुझी नोकरी चालत नाही."

आमचं घर ऑस्ट्रेलियातल्या या दोन राज्यांच्या सीमेवर आहे. समोरचा रस्ता ओलांडला की क्वीन्सलँड. तिकडे ससा पाळणं गुन्हा आहे. परवाना मिळतो तो प्रयोगशाळांना आणि जादूगारांना. सशांना तिकडे घुसू न देण्यासाठी मैलोन्‌मैल जाळीचं कुंपण आहे, आणि डेसने नोकरीची तीस वर्षं त्या कुंपणाची भोकं बुजवण्यात घालवली. घरी येऊनही तो कुंपणाबद्दलच बोलायचा. (आमच्या लग्नाचा वाढदिवस त्याला आठवत नाही, पण एकोणनव्वद साली कुठल्या खांबाजवळ भोक पडलं होतं ते आठवतं.)

आता ससा आणायचा कुठून? रानातला धरावा, तर तो रोग घेऊन येतो आणि मरेपर्यंत माणसाला लांडगा समजतो. मोठ्या गावातल्या एका दुकानात गेले. दुकानदाराला विचारलं, "हा नर की मादी?" तो म्हणाला, "तुम्हाला काय हवंय?" मी बाहेर पडले. मग एका पैदास करणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी एकेका सशाच्या पणजोबांची नावं सांगितली. मला माझ्या पणजोबांचं नाव ठाऊक नाही, आणि घरात आपल्यापेक्षा चांगल्या घराण्यातलं कोणी आणणं बरं नव्हे.

राहिलं ते सोडून दिलेल्या जनावरांचं निवारा केंद्र. तिथे ससे लस टोचलेले आणि नसबंदी केलेले मिळतात. पण तिथे आधी तुमचीच परीक्षा घेतात. ब्रॉन्विन नावाची चाळिशीची बाई टेबलामागे बसली होती. तिने चार पानांचा फॉर्म पुढे केला. "सशांचा पूर्वानुभव आहे का?" या प्रश्नापुढे मी प्रामाणिकपणे लिहिलं, "हो. सुमारे चार हजार."

ब्रॉन्विनने भुवया उंचावल्या. "चार हजार पाळलेत?"

"सोललेत," मी म्हणाले. "माझे वडील फासे लावायचे. कातडी मी काढायची. नऊ वर्षांची असताना एक ससा दीड मिनिटात सोलत होते."

तिने पेन खाली ठेवलं. मग जरा वेळाने उचललं. "बरं. ससा मुख्यतः काय खातो?"

"गाजर."

"गाजर त्याच्यासाठी मिठाई झाली, नोएलीन. रोज दिलं तर दात आणि पोट दोन्ही बिघडतं."

मी शाळा चौदाव्या वर्षी सोडली. त्यानंतर जे काही शिकले ते गावच्या वाचनालयातून, स्वतःच्या हिमतीवर, आणि मला कोणी नापास केलेलं मला चालत नाही. तीन आठवड्यांत सशांवरची होती नव्हती तेवढी पाच पुस्तकं मी वाचून काढली आणि परत जाऊन ब्रॉन्विनचीच परीक्षा घेतली. दिवसभर सुकं गवत, जोडीला मूठभर पाला. ससा बारा तास काही खाल्ल्याशिवाय आणि लेंड्या टाकल्याशिवाय राहिला तर सरळ डॉक्टर, कारण त्याचं पोट एकदा थांबलं की सहजी सुरू होत नाही. कॅलिसी या सशांच्या जीवघेण्या विषाणूवरची लस वेळच्या वेळी. डासांमुळे होणाऱ्या रोगावर आपल्या देशात लस मिळत नाही, म्हणून खुराड्याला चोहोबाजूंनी डासांची जाळी. आणि उन्हाळा. उन्हाळ्यात ससा माणसाआधी जातो.

ब्रॉन्विन म्हणाली, "ठीक आहे. एक महिना घेऊन जा. महिन्यानंतर मी घरी येऊन बघणार. मला पटलं तर तुमचा, नाही तर परत."

अशा अटीवर करड्या रंगाचा एक नर ससा आमच्या घरी आला. केंद्रात त्याचं नाव प्रिन्सेस होतं. मी ते सार्जंट केलं.

आता गवताबद्दल. सार्जंटने अंगणातलं गवत खाल्लं नाही. त्याला पिशवीतलं विकतचं सुकं गवत लागायचं. उभं गवत तो नुसता बसण्यासाठी वापरायचा. पण संध्याकाळी मी बातम्या ऐकायला बसले की तो येऊन माझ्या उजव्या सपातेवर आडवा पडायचा, सगळं वजन टाकून, जणू ती सपात त्याच्या नावावर आहे. पाय आखडला तरी मी हलवत नसे. डेसला मी सांगितलं की संधिवात आहे.

डेस सुरुवातीला खुराड्याजवळ फिरकत नव्हता. जाळी मात्र त्याने लावली, आणि अशी लावली की डास सोडा, मला आत हात घालायला दहा मिनिटं लागायची. पुढे एकदा तो खुराड्यापुढे उकिडवा बसून म्हणाला, "तुझ्या काकांना मी ओळखत होतो." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

महिना संपला. ब्रॉन्विनचा फोन आला, मंगळवारी सकाळी दहाला येते. मी म्हटलं या.

आणि सोमवारी रात्री आमच्या बाजूची वीज गेली.

रस्त्यापलीकडची गेली नव्हती. त्यांची तार वेगळी, आमची वेगळी. सकाळी समोर डेसच्या बहिणीच्या, कोरलीच्या घरात एसी घरघरत होता, आणि आमच्याकडे पंखा मेलेला, सार्जंटला गार ठेवायच्या फ्रीझरमधल्या बाटल्यांचा बर्फ वितळलेला. हवा अशी, की पत्र्यावर अंडं फोडलं असतं तर भाजून निघालं असतं. सार्जंट खुराड्यात लांब पसरून भराभर श्वास घेत होता. कान हाताला गरम लागले. ओला टॉवेल घातला, फरशीवर ठेवला. कान गरम ते गरमच.

मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघितलं. साडेआठ.

"डेस, ह्याला कोरलीकडे ने. एसीपुढे तासभर बसव. साडेनऊला परत आण, दहाला ती येणार."

डेसचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला बँक लुटायला पाठवत होते.

"पलीकडे?"

"रस्ता वीस पावलांचा आहे."

"नोएलीन, मी तीस वर्षं…"

"माहीत आहे. ह्याच्या कानाला हात लाव."

त्याने कानाला हात लावला. मग कुंपणावर काम करताना घालायचा तो जुना कोट चढवला, सार्जंटला आत घेतलं, वरपर्यंत बटणं लावली आणि निघाला. रस्त्याच्या मध्यावर थांबून त्याने दोन्हीकडे बघितलं. त्या रस्त्यावरून दिवसाला चार गाड्या जातात. तो गाड्या बघत नव्हता.

मी निवांत झाले. तासभर हातात होता. गाऊन अंगावर, डोक्याला कर्लर, खुराडं धुवायला काढलेलं, सुकं गवत सगळं अंगणात. नऊ वाजले आणि दारावर टकटक झाली. ब्रॉन्विन, हातात फाईल.

मला वेळेआधी येणारी माणसं आवडत नाहीत. मी दारातच सांगितलं, "दहाला या म्हटलं होतं. आमच्याकडे लोक वेळ पाळतात."

"दहाच वाजलेत," ब्रॉन्विन म्हणाली.

"नऊ वाजलेत. आत येऊन बघा."

तिने आत येऊन घड्याळ बघितलं, मग आपल्या मनगटाकडे, मग माझ्याकडे. "नोएलीन, हे क्वीन्सलँडचं घड्याळ आहे."

होतंच. उन्हाळ्यात आमच्या बाजूची घड्याळं तासभर पुढे करतात, पलीकडची करत नाहीत. माझं केस कापणं पलीकडे, चर्च पलीकडे, पत्त्यांचा अड्डा पलीकडे, म्हणून स्वयंपाकघरात मी पंधरा वर्षं पलीकडचीच वेळ ठेवली आहे. दरवर्षी सरकारच्या सांगण्यावरून घड्याळ पुढे ढकलणाऱ्यांना मी मूर्ख म्हणत आले. चारचौघांत, मोठ्याने.

"ससा कुठे आहे?" ब्रॉन्विनने विचारलं.

तो प्रश्न वाजवी होता. पण खरं सांगितलं असतं, तर ससा त्याच दुपारी तिच्या गाडीतून परत गेला असता. परराज्यात, कायदा मोडून, माझ्या हुकमावरून. उजव्या सपातेकडे माझी नजर गेली आणि मी आयुष्यात जे फार वेळा केलेलं नाही ते केलं. खोटं बोलले.

"फिरायला गेलाय. डेसबरोबर. बसा, चहा टाकते."

मी तिला खिडकीकडे पाठ करून बसवलं, गॅसवर किटली ठेवली आणि कोरलीला फोन लावला. ब्रॉन्विन तीन हातांवर बसलेली. जपून बोलणं भाग होतं.

"कोरली, डेसला सांग टोपी घेऊन लगेच ये."

"कुठली टोपी? टोपी त्याच्या डोक्यावर आहे."

"ती नव्हे. करडी."

"करडी टोपी त्याच्याकडे नाही."

"आहे. केसाळ. कान झाकायची, लांब कानांची."

"अगं, एवढ्या उकाड्यात कानटोपी कशाला? बरी आहेस ना?"

"कोरली, सकाळी जी टोपी तुझ्याकडे पाठवली ना, ती."

मग कोरली म्हणाली, "हां. ती टोपी. ती माझ्या एसीची वायर खाणार होती, मी उचलून डेसच्या पोटावर ठेवली. दोघं झोपलेत. आणि हे बघ नोएलीन, ह्या प्रकरणात मला ओढू नकोस, मी काही पाहिलेलं नाही. त्याच्या लेंड्या पण मी पाहिलेल्या नाहीत, पण त्या गोळा करायला कोणाला तरी पाठव."

"उठव त्याला."

"तो म्हणाला अजून अर्धा तास आहे. साडेनऊ वाजायचेत."

"इथे वाजून गेलेत," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

ब्रॉन्विनला मी खुराडं दाखवलं. जाळी दाखवली, जाळीची गाठ दाखवली. लस टोचल्याचा कागद दाखवला. पाच पुस्तकांतून उतरवून घेतलेली वही दाखवली. चहा दिला, खोबऱ्यात घोळवलेल्या केकचं लॅमिंग्टन दिलं, दुसरं लॅमिंग्टन दिलं. तिला ते नको होतं तरी घ्यायला लावलं, कारण तोंड भरलेलं माणूस प्रश्न कमी विचारतं. कॅलिसीबद्दल मी भाषण केलं आणि ते संपत आलं तशी तिने खुर्ची वळवली, आणि खिडकीबाहेर बघितलं.

रस्त्यापलीकडे, कोरलीच्या दारातून, डेस बाहेर पडत होता. एवढ्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि कॉलरमधून त्याच्या हनुवटीखाली दोन करडे कान. कोरलीच्या फाटकाशी तो थांबला. फाटक लावलं, कडी हलवून बघितली, खाली वाकून फाटकाखाली फट नाही ना तेही बघितलं. वाकला तसा सार्जंटही त्याच्याबरोबर बघायला बाहेर डोकावला. मग दोघं रस्ता ओलांडून इकडे आले.

डेस आत आला. ब्रॉन्विनला बघून तो दारातच खिळला. घाम त्याच्या नाकावरून सार्जंटवर ठिबकत होता.

"तिकडे ससा नेणं गुन्हा आहे. माहीत आहे ना?" ब्रॉन्विन म्हणाली.

"माहीत आहे. तीस वर्षं मीच लोकांना सांगत होतो."

"मग नेलात कशाला?"

डेसने एकदा माझ्याकडे बघितलं. बायकोचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. "त्याचे कान गरम होते," तो म्हणाला.

ब्रॉन्विनने सार्जंटला घेतलं, कान तपासले, दात बघितले, पोट चाचपलं. खाली सोडला तसा तो तडक अंगणातल्या सुक्या गवताच्या ढिगाशी जाऊन खायला लागला. पुढच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी तोंड उघडून तयार होते, पण तिने तो डेसला विचारला. ससा आजारी आहे हे आधी कशावरून कळतं?

"लेंड्यांवरून," डेस म्हणाला, आणि मग तो बोलायला लागला. आमच्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात कुंपण सोडून दुसऱ्या कशावर मी त्याला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. गोल, कोरड्या आणि सारख्या आकाराच्या म्हणजे ठीक. बारीक झाल्या म्हणजे खाणं घटलं. एकमेकींना चिकटल्या तर पाणी बघा. तीस वर्षं तो जाळीच्या कडेने मान खाली घालून लेंड्याच शोधत चालला होता. ब्रॉन्विन लिहून घ्यायला लागली. पाचही पुस्तकांत हे नव्हतं.

बोलणं संपलं तेव्हा तिने फॉर्म पुढे ओढला. "ससा इथेच राहू दे," ती म्हणाली. "पण डेसच्या नावावर."

मी म्हणाले, चालेल. (चालत नव्हतं. पण सार्जंट ढिगावरून उठून माझ्या पायाशी येत होता आणि मला हुज्जत घालायला वेळ नव्हता.)

"घरातल्या सगळ्यांची सही लागते," असं म्हणून तिने कागद माझ्याकडे सरकवला. मी चष्मा लावला. पालक : डेस हॅगर्टी. खाली दुसरा रकाना, छापील : "देखरेखीशिवाय सशाजवळ जाऊ देऊ नये अशा व्यक्ती. उदा. दहा वर्षांखालील मुले." त्यापुढे ब्रॉन्विनने स्वच्छ अक्षरात माझं नाव लिहिलं होतं, आणि कंसात "चार हजार".

मी चष्मा काढून ठेवला आणि सही केली.