मुनाफचाचांचे ब्रेक

आमच्या गल्लीतल्या एका लग्नात नवरदेव फुलांनी सजवलेल्या गाडीत बसला, बँडवाल्यांनी सूर धरला, पण वरात काही हलेना. काय झालं म्हणून पुढे जाऊन पाहिलं तर गाडीच्या पुढच्या चाकाशी दोन पाय बाहेर आलेले, पायात निळ्या स्लिपर. बाकीचे मुनाफचाचा गाडीखाली होते. दोन मिनिटांनी ते बाहेर सरकले, हात पायजम्याला पुसले आणि खिडकीतून आत वाकून नवरदेवाला म्हणाले, "ब्रेकचे लायनर घासले बापू. नवरीले घेऊन येतानी हळू ये." नवरदेवाने घाबरून मान डोलावली. येताना गाडी एवढी हळू आली की मागून पायी येणारी मंडळी घरी आधी पोचली.

कोणी नवी गाडी घेतली की लोक विचारतात, केवढ्याला पडली, ॲव्हरेज किती देते. चाचा विचारतात, "थांबते काय?"

"थांबते ना चाचा."

"कितीक्यात?"

गाडीचा मालक टायरकडे बघू लागतो. मग चाचा चाकाशी उकिडवे बसतात आणि ठरलेलं वाक्य टाकतात, "पयनं तं बकरीलेबी येते. थांबता आलं पायजे."

आता गंमत अशी की, हे सांगणारा माणूस स्वतः आयुष्यात कधी थांबलेला नाही. चहा ते चालता चालता पितात. पहिला घोट टपरीवर, शेवटचा माझ्या दुकानात, आणि रिकामा कप माझ्या प्रिंटरवर. बोलताना ते या पायावरून त्या पायावर होत राहतात. समोरच्यालाच दम लागतो.

रिसोडच्या बाजाराच्या मागच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. शेजारी चाचांचा लोखंडी कपाटं रंगवायचा कारखाना. कारखाना म्हणजे टिनाचं शेड, रंग उडवायचा कॉम्प्रेसर आणि कपाटाचे पल्ले भाजायची एक भट्टी. लग्नसराईत ते एका दिवसात चार कपाटं काढतात आणि त्या दिवशी माझ्या दुकानातल्या सगळ्या कागदांवर गुलाबी झाक येते. मी भांडतो. चाचा म्हणतात, "फुकटात कलर झेरॉक्स भेटून राह्यली तुह्या गिऱ्हाइकाले, अन् तू चिडतं."

तर या चाचांनी एक जुनी, राखाडी, चार दारांची गाडी घेतली. अशा गाड्या आमच्याकडे पैशाला पासरी. घेतली ती त्यांच्या एकुलत्या एक मुलीसाठी, रुबीनासाठी. ती कारंज्याला एका दवाखान्यात नर्स आहे. तिथेच खोली घेऊन राहते आणि दर रविवारी वाशीमला बस बदलून एसटीने घरी येते. चाचांची बायको तीन वर्षांपूर्वी वारली; घरात आता ते एकटेच. गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी त्यांनी गल्लीभर सांगितलं, "ब्रेक बदलतो अन् पोरीच्या हवाली करतो. आठ दिवसाचं काम हाये."

या आठ दिवसांना पुढे आठ महिने लागले.

आधी पुढच्या चाकांच्या डिस्क प्लेटा काढल्या. त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीच्या जाड प्लेटा वाशीमहून आणल्या. मग त्या प्लेटांना धरणारे कॅलिपर काळे दिसतात म्हणून ते रंगवायला घेतले. एका कपाटाचा मोरपंखी रंग उरला होता, तो मारला. रंगाऱ्याचा हात एकदा चालू झाला की तो मध्येच कुठे थांबणार? कॅलिपर झाले, तसे चाचांनी प्लेटाही रंगवल्या. पुढून, मागून, काठाकाठाने, जिथे ब्रेक घासतो नेमक्या त्या जागेवर. दोन दोन हात. वर चकाकीचा एक.

मला ट्रायलला शेजारी बसवलं. गाडी भाजीबाजाराच्या उतारावर आली, चाचांनी ब्रेक दाबला आणि गाडीने तो मनावर घेतला नाही. जळक्या रंगाचा वास सुटला. आम्ही सावकाश, अगदी पाहुण्यासारखे, कमलबाईंच्या फुलकोबीच्या ढिगात शिरलो आणि तिथे थांबलो. कमलबाई मळ्यातून भाजी आणून विकतात, तोंडाने तिखट आहेत.

"काहून चाचा, गोबी न्याले आता गाडी घालता काय दुकानात?"

चाचा खाली उतरले, चाक पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पंचेचाळीस वर्षं रंगात घालवलेल्या माणसाला कुठे रंग मारू नये हे त्या दिवशी कळलं. भरपाई म्हणून त्यांनी कमलबाईंची हातगाडी रंगवून दिली. ती आजही बाजारात मोरपंखी फिरते. मी मात्र महिनाभर फुलकोबी खाल्ली नाही.

पुढे ब्रेकची नळी बदलली, मागचे लायनर बदलले, कॅलिपरचा रंग तीनदा बदलला. आणि दर रविवारी एक काम ठरलेलं, हवा काढायचं. ब्रेकच्या नळीत हवा राहिली की पायाखालचा पेडल पोचट लागतो. ती हवा काढायला दोन माणसं लागतात: एक आत बसून पेडल दाबणार, दुसरा चाकाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक स्क्रू, उघडणार. मी एकदा म्हटलं, मी बसतो. चाचा म्हणाले, "तुहा पाय जड हाये. रुबीच पायजे."

मग रुबीना बसमधून उतरायची, पाणी प्यायची आणि थेट गाडीत जाऊन बसायची. बापलेकीचं बोलणं माझ्या काउंटरवर ऐकू यायचं.

"दबा."

"दबाया, अब्बू."

"पकडके रख. खाना बराबर खाती ना उधर?"

"खाती."

"छोड. रात की ड्युटी कब है?"

"अगले हफ्ते."

"दबा."

तासभर हे चालायचं. हवा निघायची, पेडल घट्ट व्हायचा, रुबीना विचारायची, "अब ले जाऊं?" चाचा पाना हातात फिरवत म्हणायचे, "और एक इतवार." पुढच्या रविवारी पेडल पुन्हा पोचट.

मला याचं नवल वाटायचं. एवढे हुशार हात आणि हवा शिरते कुठून? मग एका शनिवारी दुपारी वीज गेली म्हणून मी शटर अर्धं ओढून बाहेर आलो. चाचा गाडीच्या चाकाशी बसले होते. पान्याने निपल सैल केलेलं होतं, ऑइल थेंब थेंब बाटलीत पडत होतं आणि त्याच्या जागी हवा आत जात होती. ते कोणाला हाक मारत नव्हते, पाय हलवत नव्हते. मुनाफचाचा स्वस्थ बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी आलो तसा मागे फिरलो. खरं सांगतो, राग आला. पोरगी उन्हातान्हात बस बदलत येते आणि हा बाप तिच्या गाडीत मुद्दाम हवा भरतो.

दुसऱ्याच दिवशी रुबीना माझ्याकडे आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली. काउंटरला टेकून म्हणाली, "काका, मी आता महिन्यातून एकदाच येणार. अब्बूंना अजून सांगितलं नाही. सुट्टीचा अर्धा दिवस बशीतच जातो, कमर धरते. गाडी असती तर दर रविवारी आले असते, पण तिचं काही होत नाही."

मी मशीनचं बटण दाबलं. एक कागद हवा होता, तीन निघाले.

सोमवारी चाचा चहाचा कप घेऊन आले. मी कप प्रिंटरवर ठेवू दिला नाही, काउंटरवर ठेवायला लावला.

"चाचा, शनिवारी पाह्यलं मी. निपल तुमीच सोडता."

चाचांचे पाय थांबले. म्हणाले, "बशीनं येते तं सीधी घरी येते ना भाऊ. गाडी हातात आली का जग मोठ्ठं हाये. थे अमरावतीले जाईन, मैत्रिणीच्या घरी जाईन. मंग बापाकडं कायले येईन थे?"

"गाडी नाही म्हणून थे यायचं बंद करून राह्यली," मी म्हटलं. "महिन्यातून एकदा येतो म्हणते. मले सांगतलं काल."

त्यांनी कप उचलला. त्यात चहा नव्हता, तरी प्यायले, आणि गेले.

त्या आठवड्यात कपाटांची कामं बंद होती. भट्टी पेटली नाही, माझे कागद पांढरे राहिले. चाचा दिवसभर गाडीभोवती फिरत होते. चारही चाकं उघडली, पुसली, आवळली, पुन्हा उघडून पुन्हा आवळली. शनिवारी दुपारी मी मुद्दाम बाहेर येऊन पाहिलं. ते गाडीपासून चार हात लांब उभे होते, हात पाठीमागे बांधून, आणि एकसारखे चाकाकडे बघत होते. मला त्यांची फार दया आली. पण गेलो नाही जवळ.

रविवारी रुबीना आत बसली. "दबा," चाचा म्हणाले. तिने दाबला. पेडल दगडासारखा घट्ट.

"अब्बू, हवा नही है."

"हां. हो गया."

चावी तिच्या हातात देऊन ते लगेच शेडमध्ये गेले आणि कॉम्प्रेसर चालू केला. रंगवायला समोर काहीच नव्हतं. ती गेल्याचा आवाज त्यांना ऐकायचा नव्हता, एवढंच.

पुढच्या रविवारी मी दुकान झाडत होतो. नऊही वाजले नव्हते. वाशीमहून तिची बस बाराच्या आधी कधी यायची नाही, म्हणून चाचाही अजून दाढी करायचे होते. तोच राखाडी गाडी गल्लीत वळली आणि दाराशी अलगद उभी राहिली. रुबीना उतरली, हातात कारंज्याहून आणलेला नाश्त्याचा पुडा. "गरम आहे अजून," म्हणत आत गेली.

गाडीचा आवाज ऐकून चाचा बाहेर आले होते, पण तिच्यामागे आत गेले नाहीत. ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि प्लेटेजवळ तळहात धरला. मग मला हाक मारली, "भाऊ, इकडं ये. हात धर इथं. लावू नको, पोयते."

मी हात धरला. धग चांगलीच लागत होती. प्लेट एवढी तापते ती जोरात गाडी हाणत, पुन्हा पुन्हा ब्रेक मारत आलं तर. आता पोरीला रागावतील, असं मला वाटलं.

चाचा हात तिथून काढेनात. "घाईनं आली रे," ते म्हणाले. "घरी याची घाई झाली तिले."