सोनोनेजींचा जोडीदार

गोळा सोडण्याआधी सोनोनेजी लॉनच्या पलीकडच्या रिकाम्या टोकाकडे बघून विचारतात, "बोलो मिश्राजी, किती?" मग थांबतात, मान डोलावतात, "हाँ हाँ, समझ गया," म्हणतात आणि गोळा सोडतात. मिश्राजींना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या तेरवीच्या पुऱ्या मी स्वतः हाणल्या आहेत, त्यामुळे याबद्दल शंका नको.

आमचा लॉन बोल्सचा क्लब म्हणजे इंदूरच्या एका कॉलनीमागचं चौकोनी हिरवं मैदान, एक नळ आणि आठ म्हातारे. खेळ सोपा. लांब ठेवलेल्या छोट्या पांढऱ्या गोळीच्या जास्तीत जास्त जवळ आपला मोठा गोळा नेऊन थांबवायचा. पण हा गोळा मुद्दाम असा घडवलेला असतो की तो सरळ जातच नाही, वळतो. ते वळण एकदा हाताला लागलं की माणूस सकाळचे पोहे-जिलेबीसुद्धा विसरतो. इंदूरच्या माणसाबद्दल याहून मोठं काय सांगू?

जोडीतला एक जण गोळा टाकतो तेव्हा दुसरा पांढऱ्या गोळीजवळ उभा राहून हाताने दिशा दाखवतो. बारा वर्षं सोनोनेजींना दिशा दाखवली ती मिश्राजींनी. सोनोनेजींचे वडील महूला फौजेत होते, ते स्वतः वीज खात्यात. पँटला कडक इस्त्री, खिशात दोन रुमाल. एक स्वतःसाठी, एक गोळ्यासाठी. "रूल म्हणजे रूल, भिया!" हे त्यांचं पालुपद. इंदुरात सगळे भाऊ 'भिया'च.

तरी रूल त्यांच्यावरच उलटला. मिश्राजी गेल्यानंतर पहिल्यांदाच दुसऱ्या क्लबशी मॅच ठरली आणि सेक्रेटरी जोशीबाईंनी बजावलं, "फॉर्मवर जिवंत जोडीदार लागेल. नाहीतर तुमचं नाव काढते." बाकी सगळे मिश्राजींच्या भीतीने मागे सरले. मी पडलो आगाऊ, म्हणालो, मी उभा राहतो.

पहिल्या सकाळी मी पलीकडे जाऊन ऐटीत उजवा हात वर केला. सोनोनेजी ओरडले, "भिया, जरा साइडला व्हा! मिश्राजी दिसत नाहीत!"

मी टुणकन बाजूला झालो.

"ते डावीकडून म्हणतायत," सोनोनेजी म्हणाले. गोळा डावीकडून आला, मी उभा होतो ती जागा सोडून हळूच वळला आणि पांढऱ्या गोळीला टेकला. त्या दिवशी मी पोहे न खाताच घरी पळालो.

पण आठवड्याभरात त्यांचे गोळे भरकटायला लागले. विचारणं तेच, मान डोलावणंही तेच, आणि गोळा थेट कडेच्या चरात! मला चेष्टा सुचली. "काय सोनोनेजी, मिश्राजींचं आजकाल ध्यान नाही वाटतं?"

ते बाकावर बसले. दुसऱ्या रुमालाने गोळा पुसायला लागले.

"ते येत नाहीत, भिया. तुम्ही उभे राहिलात त्या पहिल्या दिवशी आले, ते शेवटचे. मी नुसताच विचारतो. वाटतं, विचारत राहिलो तर येतील." मग खाली बघत म्हणाले, "घरी कोणी नाही ना. मुलगा पुण्याला. फोन केला की म्हणतो, पापा, बाद में."

मला स्वतःची इतकी लाज वाटली म्हणून सांगू! तसाच उठलो आणि तिथेच नळापाशी असलेल्या जोशीबाईंना फॉर्मवरून माझं नाव काढायला सांगितलं. "मग त्यांचंही जाईल," त्या म्हणाल्या. मी सोनोनेजींकडे पाहिलं. इतक्या वर्षांत एकही मॅच न चुकवलेला माणूस. "जाऊ दे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बाकावरच बसलो, पलीकडच्या टोकाकडे पाठ करून. सोनोनेजी गोळा घेऊन उभे राहिले. या वेळी "किती?" विचारलं नाही. धुकं होतं, नळ टपकत होता. मग त्यांचा आवाज आला, अगदी लहान मुलासारखा.

"कहाँ थे इतने दिन?"

मी मागे वळलो नाही. माझी हिंमतच झाली नाही. गोळा गवतावरून सरकत गेल्याचं तेवढं ऐकू आलं.

"भिया," सोनोनेजी रडत आणि हसत म्हणाले, "ते विचारतायत, तुम्हाला राग तर नाही ना आला?"

"नाही हो मिश्राजी," मी मान खाली घालून म्हणालो. "तुम्ही येत जा."