हमदम उस्तांचं चहायंत्र

उझबेकिस्तानातल्या मर्गिलानचे मिस्त्री हमदम उस्ता यांनी चहा ओतायचं यंत्र करायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा हेतू अगदी नेक होता. (त्यांचा हेतू नेहमीच नेक असतो, नुकसान यंत्र करतं.) झाडावरचे जर्दाळू उतरवायचं यंत्र केलं तेव्हाही तो नेकच होता. पण सगळे जर्दाळू शेजारच्या अंगणात जाऊन पडले आणि शेजाऱ्यांनी त्यांचा मुरंबा करून वर एक बरणी भेट पाठवली.

या वेळी प्रश्न लेकीचा होता. मागे नफिसाला बघायला बायका आल्या, तेव्हा चहा देताना पोरीचा हात थरथरला आणि पियाला थेट पाहुणीच्या मांडीवर! त्या बायका पुन्हा फिरकल्या नाहीत. पोर कितीतरी दिवस धड जेवली नाही, आणि ते बापाच्या जिवाला फार लागलं. आता शुक्रवारी हाजर-खाला आपल्या मुलासाठी तिला पाहायला येणार होत्या.

"हात थरथरतो ना? मग हातच नको!" असं म्हणत उस्तांनी मोडक्या वॉशिंग मशीनचा पंप समोवारला, म्हणजे चहाच्या बंबाला, जोडला.

"अहो, पियाला काठोकाठ भरला तर पाहुण्यांना 'प्या आणि चालू लागा' म्हटल्यासारखं होईल," त्यांची बायको ओयिमखान कणीक तिंबता तिंबता म्हणाली. "तेवढं तरी कळतं का तुमच्या यंत्राला?"

"बटण दाबलं की बरोब्बर तीन घोट! हे बघ."

खरंच तीन घोट पडले. फक्त त्या वेळी शेजारी वेल्डिंग चाललं होतं आणि गल्लीतली वीज निम्मी तिकडेच जात होती, हे उस्तांच्या ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी शेजारी नमाजाला गेले. वेल्डिंग बंद, वीज भरपूर. हाजर-खाला आणि त्यांची बहीण गादीवर टेकल्या, उस्तांनी छाती फुगवून बटण दाबलं, आणि खालांचा पियाला काठोकाठ भरला.

खालांनी पियाल्याकडे पाहिलं. मग बहिणीकडे. "आम्ही उठावं म्हणता?"

"छे छे! अहो, हे यंत्र..." उस्तांनी घाईघाईनं पुन्हा बटण दाबलं. बहिणीचाही पियाला काठोकाठ! तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा हलव्याची बशी भरली. ओयिमखाननं डोक्याला हात लावला. खाला खरोखरच उठायला लागल्या.

एवढ्यात नफिसा दाराआडून धावली. एका हातानं प्लग ओढला, दुसऱ्यानं समोर अंथरलेल्या दस्तरखानावरची नान वाचवली. "माफ करा हं, खाला. बाबांचं यंत्र सुरू झालं की आधी प्लग, मग नान आणि मग पाहुणे, असंच चालतं आमच्याकडे."

"घाबरली नाहीस गं?"

"यंत्राला काय घाबरायचं? मला माणसांची भीती वाटते."

बोलता बोलता तिनं भरलेले पियाले रिकामे केले, किटलीतून तीन-तीन घोट ओतले आणि छातीवर हात ठेवून पुढे केले. हात जरासुद्धा थरथरला नाही, हे तिच्याही नंतर लक्षात आलं.

खाला खो खो हसत पुन्हा खाली बसल्या. "अगं, आमच्या शावकतनं दूध काढायचं यंत्र केलं होतं. गाय अजून सापडलेली नाही! त्याच्या घरात वेळेवर प्लग ओढणारी कुठून आणायची, याचाच मला घोर होता. आणा ती नान इकडे."

नान मोडली, म्हणजे सोयरीक पक्की झाली. उस्तांचे डोळे भरून आले. नफिसा लाजून आत पळाली.

पण डोळे पुसून होताच उस्ता सरसावले. "जावई यंत्रं करतो? वा! त्याला सांगा, दुधाच्या पंपाला झडप हवी. तशी मी आमच्या जर्दाळूच्या यंत्राला..." पुलाव निवत चालला तरी झडप काही संपेना. खालांच्या बहिणीला तर डुलकी लागली.

ओयिमखाननं शांतपणे किटली उचलली, नवऱ्याचा पियाला काठोकाठ भरला आणि गोड हसून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

उस्तांनी तो एक थेंबही न सांडता उचलला आणि मुकाट्यानं अंगणातल्या शेडकडे चालू लागले.