मस्कत, दोनशे साठ टप्पे

आपण विमानाने कुठे निघालोय, हे आमच्या वरच्या मजल्यावरच्या म्हात्रेकाकांना चुकूनही सांगू नये. माझ्या भाचीने जिन्यात सांगितलं, लंडनला चाललेय. काकांनी तिला तिथेच थांबवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाराशे टप्पे. साडेनव तास. मधी चाय धरून दहा."

काका पनवेलच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, आणि जग त्यातच मोजायचं असतं अशी त्यांची खात्री. स्वतः विमानात पाय ठेवलेला नाही. पण कुठलीही दोन शहरं सांगा, अंतर आणि वेळ तोंडपाठ. चहाचा थांबा मात्र प्रत्येक प्रवासात धरलेला.

"काका, विमान मधे थांबत नाही हो," मी एकदा समजावून पाहिलं.

"डायवर मानूस हाय ना, बाय?" ते म्हणाले.

दिल्लीचे दोन तास सांगितले की आधी पनवेल ते विमानतळाचे दोन मिळवायचे, हाही त्यांचाच नियम. कळंबोलीला एखादा ट्रक आडवा झाला की दिल्ली जवळ आणि अंधेरी लांब. हे मात्र मला पटतं. त्याच रस्त्याने ये-जा करून मी सात वर्षं नोकरी केली आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी रंजना मस्कतला असते. दोनशे साठ टप्पे, पावणेतीन तास. तिथलं घड्याळ दीड तास मागे, पण ते काकांना मंजूर नाही. "गाडी सुटली तिथला टाईम खरा," म्हणतात. काकी गेल्यापासून रंजना दर मे महिन्यात येते, आणि तो महिना काका कुणालाच अंतरं सांगत नाहीत. वेळच नसतो त्यांना.

गेल्या मेमध्ये ती परत निघाली. विमान सकाळी दहाचं. बारा वाजता मी सोड्यांचा भात घेऊन वर गेले, तर काका गॅलरीत खुर्चीवर बसलेले, मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलेलं.

"ठेव तिथं. गाडी पोचल्याबिगर कंट्रोलर उठत नाय."

पाऊण झाला. एक झाला. मोबाईल गप्प. माझं खाली काम पडलं होतं, पण पाय निघेना. दीड वाजला तेव्हा काका माझ्याकडे वळले. अख्ख्या सोसायटीला वेळा सांगणारा माणूस हळूच म्हणाला, "किती टाईम लागतो गो मस्कतला?"

मी म्हटलं, "पावणेतीन तास, काका. पण मधे चहाला थांबलं असेल."

काकांनी मग मान हलवली. "हां. डायवर मानूस हाय."

दोनला दहा कमी असताना फोन वाजला. विमान उशिरा सुटलं होतं, एवढंच. काका म्हणाले, "पोचलीस? बरं. बरं. माजी काळजी नको करूस." आणि एका हाताने भातावरचं झाकण काढत पुढे म्हणाले, "कवाच जेवलो मी, बाय."