मुक्तरावांनी मोकळी सोडलेली खार

"आज दुपारच्या जेवणाआधी या घरातलं शेवटचं यंत्र स्वतंत्र झालेलं असेल!"

मुक्तरावांनी ही घोषणा रविवारी सकाळी दात घासता घासता केली, त्यामुळे तिचा निम्मा भाग बेसिनमध्ये गेला. उरलेला निम्मा बायकोने ऐकला आणि हातातलं दुधाचं पातेलं खाली ठेवलं. शेवटचं यंत्र म्हणजे तिचंच, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं.

मुक्तराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते नळांचे नकाशे सांभाळत, आणि हे नाव तिथल्या मंडळींनी ठेवलेलं. कारण कुणी नुसतं "प्रिंटर चालत नाहीये हो" म्हटलं, की हे खुर्ची ओढून बसत. "चालत नाही, की कंपनी चालू देत नाही?" इथून जी गाडी सुटायची ती चहाच्या सुट्टीपर्यंत! सॉफ्टवेअर कसं वाहत्या पाण्यासारखं असावं, कुणीही प्यावं, कुणीही घागर भरून न्यावी, कुलपं कशाला? ज्या कचेरीत एक नळ जोडून घ्यायला सात सह्या लागत, त्या कचेरीत बसून हे सांगायचं, म्हणजे छाती पाहिजे!

नाव ठेवलं होतं चिडवायला, पण यांनी ते बिरुदासारखं मिरवलं. इंटरनेटवर ओपन सोर्सवाल्यांच्या, म्हणजे अशा बिनकुलपी सॉफ्टवेअरवाल्यांच्या, चर्चा चालत, तिथेही ते 'मुक्तराव' म्हणूनच लिहीत.

घरातल्या बाकीच्या यंत्रांतलं कंपन्यांचं सॉफ्टवेअर जाऊन ती केव्हाच मुक्त झाली होती. टीव्ही मुक्त झाल्यापासून आवाज आधी येई आणि माणसं मागून तोंडं हलवत. मुक्तरावांच्या मुक्त फोनमधून फोटो काढला की सगळे उलटे लटकलेले दिसत. "थोडं इकडेतिकडे व्हायचंच," ते म्हणत, "पण आपण कुणाचे मिंधे नाही!" कॉलेजच्या वसतिगृहात राहणारी मुलगी तर घरी येताना आपला लॅपटॉप आणतच नसे. बाबांच्या तावडीत सापडला की तो स्वतंत्र होऊनच परत जाईल, याची तिला खात्री होती.

राहिला होता तो बायकोचा कॉम्प्युटर.

बायको भरतकाम करी. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं सहा सुयांचं यंत्र होतं, भिंतीवर दोऱ्यांच्या रिळांची फळी आणि कोपऱ्यात तो जुना, घरघरणारा कॉम्प्युटर. आधी ती कागदावर पेन्सिलीने चित्र काढी, मग कॉम्प्युटरवर त्यातला टाका न् टाका आखी, पेनड्राइव्हवर घेई आणि यंत्राला भरवी. आखणीचा प्रोग्राम एका कंपनीचा. त्याच्याबरोबर आलेली बोटभर चावी कॉम्प्युटरला खोचली तरच तो उघडायचा. चावी हरवू नये म्हणून बायकोने तिला लाल दोऱ्याचा गोंडा बांधला होता. त्या गोंड्याकडे पाहिलं की मुक्तरावांच्या डोक्यात तिडीक जाई. बेडीला गोंडा!

"अहो, माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नका हं," बायको म्हणाली. "शुक्रवारी बँडवाल्यांचे तीस कोट द्यायचेत."

"अगं, तू कैदेत आहेस!"

"असू दे. मला बरं चाललंय इथं."

"कैद्याला तसंच वाटतं!"

दहा वाजता ती कोटांची मापं घ्यायला बँडमास्तरांकडे गेली. यायला एक वाजणार होता. तीन तास! राज्यं उलथतात तेवढ्यात!

मुक्तराव बेफिकीर मात्र नव्हते, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी आधी बायकोच्या सगळ्या फायली वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. दोनशे चौदा नक्ष्या. मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग एक खोल श्वास घेतला आणि जुनी सिस्टीम साफ पुसून तिथे नवी, मुक्त, कुणाच्या बापाची नसलेली सिस्टीम बसवली. पडदा निळाशार झाला. घरघर थांबली. मुक्तरावांना वाटलं, आता हा कॉम्प्युटर उठून आपल्याला मिठी मारणार.

एक वाजता बायको आली. चपला काढता काढताच तिने विचारलं, "आवाज का येत नाही?"

"कॉम्प्युटर सुखात आहे!"

तिने चावी खोचली. काही झालं नाही. काढून पुन्हा खोचली. गोंडा तेवढा हलला. कंपनीचा प्रोग्राम या नव्या सिस्टीमवर चालतच नव्हता.

"काही हरकत नाही, जुनी सिस्टीम परत टाकतो," मुक्तराव म्हणाले. टाकलीही. प्रोग्रामची जुनी सीडी माळ्यावरून शोधून आणली. तर प्रोग्राम म्हणाला, नव्याने बसवलंत, आता कंपनीची परवानगी घ्या. सोमवारी कंपनीला फोन लावला. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, त्या आवृत्तीची नोंदणी आम्ही सहा वर्षांपूर्वीच बंद केली. तुम्ही नवा प्रोग्राम घ्या."

मुक्तरावांनी फोन ठेवला आणि मांडीवर थाप मारली. "बघ! बघ! मी हेच सांगत होतो की नाही इतकी वर्षं?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. घराला आग लावून "बघ, लाकूड पेटतं म्हणालो होतो ना" असं सांगणाऱ्या माणसाकडे जसं पाहावं, तसं पाहिलं.

"कोट," ती एवढंच म्हणाली.

मग मुक्तरावांनी नवी सिस्टीम पुन्हा बसवली आणि भरतकामाचा एक फुकटचा, मुक्त प्रोग्राम आणला. त्यात बँडवाल्यांचा कोंबडा उघडला. मान वर करून आरवणारा कोंबडा, बँडचं बोधचिन्ह. पडद्यावर बरा दिसला. जुन्या चादरीच्या तुकड्यावर बायकोने तो यंत्राला दिला. टकटकटक! आधी तुरा झाला. मग तुऱ्यावर पंख झाला. पंखावर डोळा आला. शेवटी यंत्राने पाय काढायला घेतले ते थांबेनाच, आणि खालच्या बाजूला दोऱ्याचा असा गुंता झाला की कात्री लावावी लागली.

नेमके त्याच वेळी बँडमास्तर आले. गलेलठ्ठ, मिशाळ माणूस. त्यांनी चादरीचा तुकडा उचलून धरला, आडवा केला, उभा केला.

"वहिनी, हे काय आहे?"

"कोंबडा," मुक्तराव म्हणाले.

"येतोय की जातोय?"

"आरवतोय."

"कुठून?"

मुक्तरावांनी बोट ठेवून दाखवलं. बँडमास्तरांनी वाकून ती जागा न्याहाळली. "साहेब, आम्ही तीस माणसं वरातीच्या पुढे चालतो. मागून लोक बघतात. पाठीवर शिजलेला पायमोजा घेऊन आम्ही नाही चालायचो!"

बायको आत जाऊन पेन्सिलीला टोक काढत बसली. ते टोक काढणं फारच वेळ चाललं.

मुक्तराव पेटले. आता हा एका कोंबड्याचा प्रश्न राहिला नव्हता, साऱ्या चळवळीच्या इभ्रतीचा होता! भरतकामाच्या मुक्त नक्ष्या ठेवण्याची इंटरनेटवर एक जागा होती. तिथे फाईल टाकावी आणि जगभरच्या मुक्त मंडळींना साकडं घालावं, असं त्यांनी ठरवलं. द्यायचा होता एक कोंबडा. पण डिस्कमध्ये दोनशे चौदा फायली, त्यांतून तो शोधून निवडायचा कंटाळा आला आणि 'सगळे द्या' असं एक मोठं बटण समोरच होतं. त्यांनी ते दाबलं. पुढे एक फॉर्म आला. या कामाचं काय करता येईल? वापरता येईल? बदलता येईल? विकता येईल? मुक्तरावांनी तिन्ही ठिकाणी 'होय' केलं. चौथी ओळ होती, 'ही परवानगी परत घेता येणार नाही.' ही तर त्यांची आवडती ओळ! कचेरीत ती ते डोळे मिटून म्हणून दाखवत. कर्त्याचं नाव या रकान्यात त्यांचं इंटरनेटवरचं 'मुक्तराव' हे नाव आपोआप येऊन बसलं होतं. त्यांनी पुढचं बटण दाबलं.

आणि काय सांगावं, बुधवारी उत्तर आलं! समुद्रापलीकडच्या कुठल्याशा गावातल्या एका निवृत्त घड्याळजीने कोंबडा दुरुस्त करून पाठवला होता. टाक्यांचा क्रम उलटा वाचला जात होता, म्हणे. टकटकटक! तुरा, चोच, पंख, पाय, सगळं जिथल्या तिथे! गुरुवार रात्रीपर्यंत तीस पाठींवर तीस कोंबडे आरवले. शुक्रवारी बँडमास्तरांनी कोट घातला, आरशाकडे पाठ केली, मान वळवून वळवून बघितलं आणि म्हणाले, "आता कुठं आरवला!"

बायको हसली. पाच दिवसांनी पहिल्यांदा. "तुमच्या त्या घड्याळवाल्यांना माझा नमस्कार कळवा," ती म्हणाली. मुक्तराव एवढे फुगले की त्या दिवशी कचेरीत त्यांना खुर्ची पुरेना. दोनशे तेरा नक्ष्या जास्तीच्या गेल्यात, हे सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

दीड महिना गेला. मुलगी सुट्टीला घरी आली होती. तिघं पडद्याच्या कड्या आणायला बाजारात निघाली. मुक्तराव पिशव्या धरून मागे. मधल्या गल्लीत उशा-गाद्यांचं दुकान होतं. त्याच्या काचेपुढे मुलगी थबकली.

"आई, ही माझी खार आहे."

काचेमागे उशांच्या खोळींची चळत होती. प्रत्येक खोळीवर शेपटी पाठीवर घेतलेली एक खार, आणि तिचा उजवा कान अर्धाच.

मुलगी पाच वर्षांची असताना शाळेच्या फाटकाशी रोज रडायची. तेव्हा आईने तिच्या दप्तरावर ही खार भरून दिली होती. उजव्या कानाशी येऊन सुई मोडली, कान अर्धाच राहिला. "मोठी झाली की वाढेल," असं आईने सांगितलं होतं आणि मुलगी त्या खारीचा कान वाढतोय का ते बघायला रोज दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागली होती. पुढे फाईलमध्येही बायकोने तो कान तसाच अर्धा ठेवला, पण ती नक्षी दुसऱ्या कुणासाठी कधी भरली नाही. लोकांनी मागितली तरी नाही. फायलींत ती 'घरचं' नावाच्या खणात ठेवलेली होती.

बायको दुकानात गेली. एक खोळ उचलली, कानावरून अंगठा फिरवला. मग खोळीला लावलेली चिठ्ठी उलटी करून वाचली. चिठ्ठीवर छापलं होतं : 'रचना : मुक्तराव.'

"छान आहे ना?" दुकानदार म्हणाला. "फार खपते. ओपन सोर्स आहे, सगळं नियमात. कर्त्याचं नावसुद्धा देतो आम्ही. काही लोक देत नाहीत!"

मुक्तरावांच्या हातातल्या पिशव्या अचानक फार जड झाल्या.

पडद्याच्या कड्या न घेताच तिघं घरी आली. मागच्या खोलीत गेल्यावर बायकोने विचारलं, "सगळ्याच दिल्यात?"

"सगळे द्या असं बटण होतं," मुक्तराव म्हणाले. म्हणतानाच त्यांना ते ऐकवेना.

"परत मागता येतील?"

हा एक प्रश्न असा होता, की याचं उत्तर साऱ्या कचेरीत त्यांच्याइतकं पाठ कुणालाच नव्हतं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. फायली काढून टाकता येत होत्या, पण चार हजार लोकांनी त्या आधीच उतरवून घेतल्या होत्या.

"मी कंपनीशी भांडत होतो गं," ते म्हणाले. "तुझ्याशी नाही."

"त्या कंपनीचा प्रोग्राम," बायको हळूच म्हणाली, "एक फाईल पुसायची म्हटली तरी मला दोनदा विचारायचा. नक्की ना, म्हणून. तुम्ही एकदाही नाही विचारलंत."

तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मुक्तरावांना भांडता येत होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून रजा टाकून ते गादीवाल्याकडे गेले. नक्षी बायकोची आहे, मी फक्त चोरली, असं त्यांनी सांगितलं. "चोरली कुठं? तुम्ही तर दिलीत!" दुकानदार बुचकळ्यात पडला. विकणं थांबवायला तो बांधील नव्हता, हे त्याच्याइतकंच मुक्तरावांनाही ठाऊक होतं. नाव बदलायला मात्र तो तयार झाला, पण पुढच्या छपाईपासून. उरलेल्या चिठ्ठ्यांचं काय? तेव्हा मुक्तराव दुकानातल्याच एका स्टुलावर बसले, आणि एकशे चाळीस चिठ्ठ्यांवरचं आपलं नाव पेनाने खोडून त्याखाली बायकोचं नाव लिहिलं. गिऱ्हाइकं बघत होती. एका बाईने विचारलं, "लेखकाची सही आहे का?" मुक्तराव म्हणाले, "नाही हो. चूक दुरुस्त करतोय."

इंटरनेटवरही त्यांनी तसं लिहिलं. घड्याळजीचं उत्तर आलं : 'मला वाटलंच होतं. तुमच्या चर्चेत एवढी नाजूक शेपटी कुठे दिसली नव्हती.'

कचेरीत आता कुणाचा प्रिंटर अडला तर मुक्तराव गुपचूप जाऊन कागद काढून देतात. साहेबांनी त्यांच्या प्रकृतीची दोनदा चौकशी केली.

बायकोने नवा प्रोग्राम घेतला, कंपनीचाच. रोज सकाळी ती खिडकीशी बसून वहीत काहीतरी नवं काढते, आणि मुक्तराव खोलीत आले की वही मिटते. रागाने नाही, नुसती मिटते. ते त्यांना जास्त लागतं. परवा धीर करून त्यांनी विचारलं, "काय काढतेयस? बघू तरी."

"अर्ज करा," बायको म्हणाली.

मुक्तरावांनी खरंच केला. चांगल्या कागदावर, समास सोडून, विषय, संदर्भ आणि 'आपला नम्र' सकट. बायकोने तो नीट वाचला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवला. त्याला आज एकवीस दिवस झाले. रोज चहा देताना मुक्तराव खणाकडे बघतात, आणि बायको कपातून मान वर न करता सांगते, "विचाराधीन आहे."