हैबती अस्वलाचे बारा दिवे

एका जंगलात मोटार फक्त वाघाकडे होती, पण गॅरेज घरोघरी होतं. वाघाने बांधलं म्हणून कोल्ह्याने बांधलं. कोल्ह्याने बांधलं म्हणून बाकीच्यांनी बांधलं. मुलांनो, का म्हणून विचारू नका. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

हैबती नावाच्या अस्वलाने आपल्या गॅरेजात सुतारकाम मांडलं. लांबच लांब टेबल, करवत, रंधा, पटाशी, सगळं होतं. उजेडासाठी दाराच्या वर एक पिवळा बल्ब होता. हैबती दाराकडे पाठ करून काम करी. अस्वल म्हटल्यावर पाठ मोठी, आणि पाठ मोठी म्हणून सावलीही मोठी. ती बरोबर टेबलावर पडे. हैबती अंदाजाने कापायचा. त्याने केलेल्या खुर्च्या डुगडुगायच्या. पण जंगलात दुसरा सुतार नव्हता, त्यामुळे खुर्ची अशीच असते असं सगळ्यांना वाटायचं.

मग एक दिवस केरोबा करकोच्याच्या पायावर तळ्याकाठची दरड कोसळली. कासववैद्यांनी महिनाभर लेप लावले, पण पाय वाचला नाही. तो गुडघ्याखाली काढावा लागला.

करकोचा एका पायावर उभा राहू शकतो. चालू शकत नाही. केरोबा काठावर उभा राही आणि पाणमांजर देईल तो मासा खाई. पाणमांजर भला होता. रोज देत होता. त्याचंच केरोबाला जड झालं होतं.

तो हैबतीकडे आला. "हैबतराव, लाकडाचा पाय करून द्याल? स्वतःच्या चोचीने मासा धरल्याला दोन महिने झाले."

हैबतीने सागाचा चांगला तुकडा निवडला. माप घेतलं, खूण केली, कापला, घासला. अंगणात केरोबाच्या पायाला तो वादीने बांधला. केरोबाने एक पाऊल टाकलं आणि तो आडवा पडला. पाय दोन बोटं लांब झाला होता.

"नवीन आहे, सवय नाही मला," केरोबा पंख झटकत म्हणाला. हैबतीला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

त्याची बायको गिरजा दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, दिवा तुमच्या पाठीमागं आहे. तुमचीच सावली लाकडावर पडते. दिवा समोर घ्या."

"एवढं सोपं असतं तर मला सुचलं नसतं का?" हैबती म्हणाला आणि जाणकाराकडे गेला.

जाणकार म्हणजे मुंगूस. त्याचं दिव्यांचं दुकान होतं आणि दुकानाबाहेर 'प्रकाशसल्लागार' अशी पाटी होती.

"गॅरेजात वातावरण कसं हवंय?" मुंगसाने विचारलं.

"खूण दिसायला हवी."

"सगळे सुरुवातीला असंच म्हणतात," मुंगूस समजुतीने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पिवळा बल्ब काढून गॅरेजात बारा दिवे बसवले. काही पांढरे, काही निळसर. एक तर असा, की समोर कुणी हललं की लागायचा आणि हलायचं थांबलं की विझायचा. तो मुंगसाने नेमका टेबलावर लावला. "हे सगळ्यात नवीन," तो म्हणाला.

हैबती दुसरा पाय करायला बसला. आधी एक सावली होती. आता बारा झाल्या. पेन्सिलीला बारा सावल्या, करवतीला बारा. खूण कुठली आणि सावली कुठली ते कळेना. बारीक काम आलं की तो श्वास रोखून स्थिर बसे, आणि टेबलावरचा दिवा विझे. मग एका हाताने करवत आणि दुसरा हात हवेत हलवत तो काम करू लागला. शेजारून जाणाऱ्या तरसाला वाटलं, हैबती आपल्याला बोलावतोय. तो आत येऊन तासभर बसला.

दुसरा पाय तीन बोटं आखूड झाला.

या वेळी केरोबा पडला नाही, कारण त्याने पाऊलच टाकलं नाही. पायाकडे बघून तो म्हणाला, "राहू द्या, हैबतराव. पाणमांजर आहेच की." आणि उड्या मारत निघाला.

हैबती पायरीवर बसून राहिला. गिरजा गॅरेजात गेली. तिने अकरा दिवे बंद केले. बारावा, साधा पांढरा, काढून तिने टेबलाच्या पुढच्या भिंतीवर, डाव्या अंगाला लावला. उजेड वाढावा म्हणून भिंतीला चुना फासला. मग तिने नवऱ्याला हाक मारली.

"तुम्ही उजव्या हाताने कापता. उजेड डावीकडून आला की हाताची सावली खुणेवर पडत नाही. बसा."

हैबती बसला. खूण दिसत होती. लाकडाची शीरसुद्धा दिसत होती. त्याने खुणेवरून बोट फिरवलं. "हे कधी कळलं तुला?"

"मी रोज भाकरी करते," गिरजा म्हणाली. "चुलीकडे पाठ करून करत नाही."

तिसरा पाय घेऊन हैबती स्वतः तळ्यावर गेला. केरोबाने आधी नको म्हणून मान हलवली, मग वादी बांधू दिली. एक पाऊल. दुसरं. तो पाण्यात शिरला आणि गुडघाभर खोल जाऊन थांबला. थोड्या वेळाने त्याची मान खाली गेली आणि चोचीत मासा घेऊन वर आली. तो त्याने खाल्ला नाही. काठावर येऊन पाणमांजरापुढे ठेवला. पाणमांजराने तो पाठ फिरवून खाल्ला, कारण त्याचे डोळे भरून आले होते.

जंगलभर बातमी झाली. वाघाने सत्कार ठेवला. सत्कार अर्थातच मुंगसाचा. शाल, नारळ आणि 'प्रकाशरत्न' असं लिहिलेलं मानपत्र. मुंगूस 'बारा दिव्यांमागची माझी भूमिका' यावर दोन तास बोलला. हैबती मध्येच उभा राहून म्हणाला, "यात आमच्या गिरजाचं..." पण तेवढ्यात टाळ्या पडल्या. त्याच दिवशी मुंगसाकडे बारा-बारा दिव्यांच्या सतरा मागण्या नोंदल्या गेल्या.

संध्याकाळी हैबती घरी आला. गिरजा गॅरेजात त्याच्या टेबलाशी बसून मोहाची फुलं निवडत होती.

"मी तुझं नाव घेतलं होतं," तो म्हणाला. "ऐकू गेलं नाही कुणाला."

"असू दे. इथं कचरा छान दिसतो. आता रोज मी इथंच निवडणार."

"आणि माझं काम?"

"माझं झाल्यावर."

हैबती तिच्याशेजारी बसला आणि फुलांतल्या काड्या वेचू लागला. त्याच्या नजरेतून दोन-तीन काड्या सुटल्याही. त्या गिरजाने निमूट काढल्या.

तात्पर्य : मुलांनो, सोपा उपाय आधी कधीही करू नये. त्याने काम लगेच होतं आणि सत्कार कुणाचाच होत नाही.